फुकट, पण कोणाच्या जिवावर

फुकट हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की हल्ली माझं डोकं सणकतं. पूर्वी असं नव्हतं. मी स्वतः दादरच्या बाजारात भाजीवर कढीपत्ता फुकट मागून घेणारी बाई, कशाला खोटं बोलू? पण गेल्या वर्षी एका साहेबाने हा शब्द काढला आणि त्यापायी माझ्या सुनेचा गणपती गेला. तो राग अजून गेलेला नाही. मी तो घालवायच्या खटपटीतही नाही.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे नीट कळेल.

आम्ही डिलाईल रोडला राहतो. चाळ पाडून तिथेच उभी राहिलेली इमारत आमची. गाव तळकोकणात. तिथल्या घरचा गणपती तीन भावांमध्ये फिरतो, एक वर्ष एकाचं, पुढचं दुसऱ्याचं. आमचे हे गेले, तरी आमचं वर्ष आमचंच. ज्याचं वर्ष असेल त्याने सगळं करायचं. मूर्ती आणायची, नैवेद्य करायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याचं चहापाणी बघायचं आणि माटवी बांधायची. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतात. बांधणाऱ्याचा हात कसा आहे ते तिच्यावरून अख्खं गाव ओळखतं.

माझी सून घोडपदेवची. तिच्या माहेरी गावचं काही उरलेलं नाही, आजोबांच्या वेळीच जमीन-घर सगळं सुटलं. लहानपणी गणपती आले की अख्खी चाळ गावाला जायची आणि ह्या दोघी बहिणी रिकाम्या गॅलरीत उभ्या राहून टाटा करायच्या. लग्न ठरलं तेव्हा तिने मला पहिला प्रश्न विचारला, "आई, तुमचा गणपती गावाला असतो ना?" बघा, घर केवढं, पाणी किती वाजता येतं, काही नाही. गणपती! आमचं वर्ष तिच्या लग्नाआधीच होऊन गेलं होतं, म्हणून गेल्या वर्षीचं तिचं पहिलं. मोबाईलवर माटव्यांचे फोटो जमवून ठेवले होते तिने. कवंडळाची रानफळं कुठे मिळतात, हरणाची फुलं किती दिवस टिकतात, मला विचारविचारून भंडावून सोडलं.

आता तिचं काम सांगते. ती सॉफ्टवेअरवाली. तिची कंपनी दुकानांसाठी प्रोग्रॅम बनवते. साड्यांची दुकानं, मिठाईवाले, किराणावाले, सगळ्यांची बिलं आणि मालाचा हिशोब त्या प्रोग्रॅमवर चालतो. आठवड्यातून दोनदा ऑफिस, बाकी घरून. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल आहे. घर केवढंसं, स्वयंपाकघरात मी कांदा चिरते आणि कानावर सगळं पडतं. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून आणि कान उघडे ठेवून शिकले.

उन्हाळ्यात नुसतं कंटेनर, कंटेनर ऐकू यायला लागलं. मी विचारलं, "काय गं, गोदीतले?"

ती हसली. म्हणाली, "आई, तुम्ही केटरिंगला होतात तेव्हा सामान कसं न्यायचात?"

दादर-गिरगावातल्या लग्नाच्या हॉलमध्ये मी अर्धं आयुष्य काढलं आहे. आमच्याकडे प्रत्येक पदार्थाची पेटी असायची. पुरणपोळीच्या पेटीत पोळपाट, लाटणं, पुरणयंत्र, तवा, तुपाचा डबासुद्धा. हॉल कुठलाही असो, पेटी उघडली की काम सुरू. यजमानाकडे हे आहे का, ते आहे का, विचारायला नको.

"तेच," ती म्हणाली. "प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका पेटीत भरायचं. कुठल्याही मशीनवर उघडा, चालू. पण पेट्या ढिगाने झाल्या की प्रश्न येतो. कुठली कुठे उघडायची, एक बंद पडली तर दुसरी कोणी लावायची, गर्दी वाढली की चार जास्त कोणी उघडायच्या? ते बघायला एक यंत्रणा लागते."

"म्हणजे मुकादम."

"हो, मुकादम! बाजारात बरेच आहेत. आमच्या कामाचे तीन निघाले. त्यांची तुलना करून आमच्यासाठी कुठला बरा ते मला सांगायचंय."

मग आमच्या घरात उन्हाळाभर ते तीन मुकादम राहायला आले म्हणा ना. आम्ही त्यांना नावं ठेवली होती, मोठा, धाकटा आणि भाड्याचा. मोठा फुकट मिळतो आणि त्याला सगळं येतं. हजारो पेट्या सांभाळेल. पण त्याला सांभाळायलाच माणसं लागतात, त्याच्या हजार खोडी. धाकट्याला थोडंच येतं, पण जे येतं ते कोणालाही कळेल असं. मात्र एकदम गर्दी झाली की तो दमतो. भाड्याचा म्हणजे आतून मोठाच, पण त्याच्या खोडी काढायला दुसऱ्या कंपनीची माणसं बसलेली असतात, आपण महिन्याला त्यांचे पैसे द्यायचे. सुनेने तिघांनाही राबवून बघितलं. मुद्दाम पेटी बंद पाडायची आणि बघायचं, कोण किती लवकर उठवतो. खोटी गर्दी सोडायची. मोठा वाईट आहे असं ती कधीच म्हणाली नाही, हेही सांगते. ज्यांच्याकडे त्याच्या दिमतीला वेगळी माणसं आहेत त्यांच्यासाठी तो सोन्यासारखा, म्हणायची. पण हिच्या टीममध्ये चार डोकी. त्यांतली हिच्यासकट तीन कोकणातली, गणपतीला गाव गाठणारी. आणि दुकानांची खरी गर्दी तेव्हाच! म्हणून तिने तुलनेत एक रकाना स्वतःचा घातला, सांभाळणारी माणसं रजेवर असली तर काय होईल? त्या रकान्यात भाड्याचा सरळ पहिला आला.

लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये साहेबासमोर ते मांडायचा दिवस आला. तिचं कानात घालायचं ते यंत्र नेमकं चार्ज नव्हतं, म्हणून आवाज मोकळा सोडलेला. मी आत कालवण ढवळत होते. साहेबाचा आवाज गोड हो, अगदी निवेदकासारखा.

"हे रजेबिजेचं काय टाकलंयस? आपण टेक्निकल कम्पॅरिझन करतोय, पंचांग नाही."

हसले सगळे. ही म्हणाली, "सर, गणपतीत बिलं कितीतरी पट वाढतात आणि आपली माणसं गावाला असतात. तेव्हाच काही अडलं तर..."

"अडेल कशाला? अख्खं जग तेच वापरतं. मोठ्या क्लायंटला नाव सांगितलं की तो पुढचं विचारत नाही. आणि मेन म्हणजे ते फुकट आहे. महिन्याला दुसऱ्याला पैसे का मोजायचे? आपली माणसं आहेत ना!"

आपली माणसं आहेत ना. माझा हात कालवणात तसाच थांबला. अहो, हॉलमध्ये हेच वाक्य मी शंभरदा ऐकलंय. यजमान म्हणायचा, वाढपी कशाला, आपली माणसं आहेत ना. मग ती आपली माणसं म्हणजे कोण, तर त्याची बहीण, वहिनी, मावशी. नवी साडी खोचून पंगती वाढायच्या आणि शेवटी करपलेली पोळी खायच्या. त्यांचं जेवण कोणी मोजलं नाही, म्हणून लग्न स्वस्तात झालं. तसं हे फुकट!

मोठा मुकादम ठरला. पावसाळ्यात दुकानं एकेक करून त्याच्यावर नेली. सुनेचा चेहरा तेव्हाच ओढल्यासारखा दिसायला लागला होता. पण गावाची तिकिटं निघाली होती, रजा तोंडी मंजूर होती, म्हणून मी गप्प बसले.

गणपती आठवड्यावर आले आणि साहेबाने परत सगळ्यांना लॅपटॉपवर बोलावलं. ते यंत्र याही वेळी हिच्या कानात नव्हतं. आवाज तस्साच गोड. "सिस्टीम नवीन आहे. तिचं इन-अँड-आऊट फक्त तुला माहितीय. बाकीच्यांना जाऊ दे, तू थांब. घरूनच तर करायचंय."

सून म्हणाली, "सर, यंदा आमच्याकडे गणपती आहे."

"मग छानच की! घरीच आहेस म्हणजे दर्शनही होईल."

त्याला वाटलं, गणपती इथे खोलीत बसतो. आता मात्र मी पदराला हात पुसत बाहेर गेले आणि कॅमेऱ्यासमोर वाकून म्हटलं, "अहो साहेब, गणपती गावाला असतो. आणि उन्हाळ्यात हिने तुम्हाला हेच सांगितलं होतं, तुम्ही हसलात. तेव्हा वाचवलेले पैसे आता हिच्याकडून का वसूल करताय?"

मग साहेब म्हणाला, "नमस्कार काकू! कशा आहात? ओके टीम, नेक्स्ट पॉईंट." संपलं. मी तिथे वाकलेलीच.

मला वाटलं, सून खूश होईल. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आई, तुम्ही बोललात ते सगळं खरं होतं. पण उद्यापासून मी ऑफिसात सासूला पुढे करणारी झाले. माझं भांडण मला भांडू द्यायचं होतं." बरोबरच होतं तिचं. त्यामुळे साहेबावरचा राग आणखी वाढला. धड भांडूही देत नाही मेला, नमस्कार काकू म्हणून मोकळा!

रात्रीच्या जेवणाला मुलगा बसला. त्याला सांगितलं. तो वरणभात कालवत म्हणाला, "मग राहू दे ना तिला, आई. तिचं काम महत्त्वाचं. आपण दोघं जाऊ. मोदकांना तू आहेस ना."

तू आहेस ना! मी पानावरून हात उचलला. "तुझ्यात आणि त्या साहेबात मला काडीचा फरक दिसत नाही," म्हटलं. "तुला बाकीचं सगळं दिसतं, मोदक वळणारे हात दिसत नाहीत. मी येत नाही. ती इथे, तर मी इथे. गणपती तुमच्या घराण्याचा ना? तू कर."

"आई, वेड लागलंय का तुला? मला मोदक येतात?"

"मला काय पोटातून येत होते?"

सून म्हणत राहिली, "आई, तुम्ही जा, माझ्यासाठी नको." मी ऐकलं नाही. तिच्यासाठीच नव्हतं ते. माझं स्वतःचंही होतं त्यात बरंचसं.

सकाळी गावाहून दिराचा फोन. "वहिनी, ह्या काय ऐकतंय मी? सून येवची नाय, तुम्ही येवच्यात नाय? मगे माटवी कोण बांधतलो?"

"तुझे हात खंय गेले?"

"अहो, ज्यांचा वर्स त्यांचा बायलमाणूस नसला तर लोक काय म्हणतले?"

"लोकांका सांग, सून साहेबान ठेवून घेतल्यान आणि सासूक राग इलो."

तो हसला, पण बिचारा घाबरलाही. मग मुलगा एकटाच गेला. मी त्याला उकडीचं सगळं लिहून-बिहून दिलं नाही हं. फोन करून विचार म्हटलं, दर वेळी.

चतुर्थीच्या सकाळी मी आणि सून बाहेरच्या खोलीत. मुलाने गावाहून माझ्या फोनवर व्हिडिओ लावला, स्वतःचा फोन मूर्तीसमोर टेकवून ठेवला. भटजी बसले, आम्ही दोघी हात जोडून. आणि हिच्या लॅपटॉपवर टणटण सुरू. कुठल्या तरी मिठाईवाल्याची बिलं निघत नव्हती, दुकानाबाहेर मोदकांसाठी रांग. मोठा मुकादम पेटी उघडतोय, ती लगेच बंद पडतेय, तो परत उघडतोय, परत बंद. उरलेल्या तिघांतला एक घाटात, एकाला रेंज नाही, आणि जो मुंबईत होता त्याला त्यातलं काही माहीत नाही. ही एका हाताने फोन धरून त्याला सांगतेय, दुसऱ्या हाताने टाईप करतेय, पाठ मूर्तीकडे. प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, दिराने घंटा बडवली. तिने मान वळवली तेव्हा पडद्यावर नुसता समईचा धूर आणि कोणाचा तरी खांदा.

बिलं सुरू झाली. मी तिला चहा दिला. मग तिने मुलाने पाठवलेला माटवीचा फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. माटवी फार खाली आली होती, एक कवंडळ थेट मूर्तीच्या मुकुटाला टेकलेलं.

"हरणाची फुलं विसरला," एवढंच म्हणाली.

रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आमचं पुढचं वर्ष त्यानंतर थेट तीन वर्षांनी. माझे गुडघे आजच असे दुखतात. तेव्हा मी तिला उकड काढून दाखवायला असेन की नसेन, हे कुठल्या साहेबाला विचारू?

अनंत चतुर्दशी झाल्यावर मीटिंग. हिने या वेळी आवाज मोकळाच ठेवला. मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले, पण गॅस बारीक केला. साहेब खूश. "ग्रेट जॉब टीम! सगळ्यात बिझी सीझन, आणि एक रुपया जास्त न घालवता. मी म्हटलं होतं ना, फुकटात होतं!"

तेवढ्यात सुनेचा आवाज. शांत, एकदम सपाट. "सर, मी थांबले म्हणून झालं. माझं घरचं काम बुडालं, ते कुठे लिहिलेलं नाही. पुढच्या गणपतीत मी नसेन. तोपर्यंत तुम्ही काय ते ठरवा."

कोणी हसलं नाही. साहेब जरा खाकरला. "ओके, आपण हे ऑफलाइन बोलू."

ती आत आली, पाण्याचा ग्लास भरून घेतला.

"ऑफलाइन म्हणजे काय गं?"

"म्हणजे बोलणार नाहीत, आई."

"मग?"

"मग सोमवारी माझा दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे. तुमच्याकडेही मोठाच मुकादम आहे का, आणि असला तर त्याला सांभाळायला माणसं किती, हे आधी मी विचारणार, मग त्यांचे प्रश्न."

"ठणकावून विचार," मी म्हटलं आणि गॅस मोठा केला.