एक जूनच्या मुली

१ जून १९९५. सकाळी आठपासून मी रवा भाजत होते. आमच्या मुलींच्या बालगृहात त्या दिवशी अकरा जणींचा वाढदिवस असे. तो योगायोग नव्हता, माझंच काम होतं. दाखल होणाऱ्या मुलीची जन्मतारीख कोणालाच सांगता आली नाही की अधीक्षिका म्हणून मी रजिस्टरात एक जून लिहायची. शाळा जूनमध्ये उघडते, वय मोजायला सोपं. तालुक्यातले मास्तरही तेच करत.

त्या अकरांतली थोरली आज अठरा पूर्ण करत होती. कागदावर. खरं वय सतरा असावं. बारा वर्षांपूर्वी आली तेव्हा जेमतेम पाचची दिसत होती. पण दिवसभर लहान मूल सांभाळायला आमच्याकडे बाई नव्हती. म्हणून मी सहा लिहिलं आणि तिला थेट पहिलीत बसवलं. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

आता त्या एका वर्षाची मला धडकी भरली होती. अठरानंतर मुलीला संस्थेत ठेवता येत नसे. बारावीचा निकाल अजून लागायचा होता. निकालाशिवाय नगरच्या कॉलेजात प्रवेश नाही, प्रवेशाशिवाय वसतिगृह नाही. मधला दीड महिना तिने कुठे राहायचं, हे कोणत्याच नियमात नव्हतं. जामखेडकडच्या तिच्या मामाने मात्र ते ठरवून टाकलं होतं. कंपनीत नोकरीला असलेला एक बिजवर त्याने तिच्यासाठी पाहिला होता. याआधी तीनदा तो तिला न्यायला आला, आणि तिन्ही वेळा मी एकच वाक्य तोंडावर मारलं होतं, "अठरा पूर्ण होईपर्यंत मुलगी देता येत नाही."

अकराला फाटकात जीप थांबली. मी हातातलं उलथनं खाली ठेवलं. मामाबरोबर आणखी दोन माणसं होती.

"बाई, पोरीचं आवरलं का?"

"बसा. शिरा खाऊन घ्या."

"शिरा आता लग्नात खाऊ की! तुमी लई केलं तिच्यासाटी. अठरा झाली न्हवं? आकडा तुमचाच हाय, माझा न्हाई."

मुलगी संस्था सोडताना रजिस्टरात 'ताबा घेणाऱ्याची सही' असा एक रकाना भरायचा असे. तिथे आजवर बाप, चुलता, भाऊ नाहीतर नवरा यांच्याच सह्या होत्या. मी ऑफिसात जाऊन ते रजिस्टर काढलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं. मामाने खिशातून पेन काढलं.

तिला मी मागच्या कोठीत बसायला सांगितलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मी अठराची झाले ना?"

"झालीस."

"मग माझी सही मीच करते."

मामा मोठ्याने हसला. "पोरगी सवताच सवताला ताब्यात घेती व्हय? असं कुठं असतंय?"

असं असतं की नाही, मला माहीत नव्हतं. माझा आकडा खोटा म्हणावा, तर तिचे सगळे दाखले खोटे ठरत होते. खरा म्हणावा, तर ती सज्ञान होती. मी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिने सही केली.

"सज्ञान आहे ती," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "हात लावलात तर पोलीस ठाणं पलीकडच्या गल्लीत आहे."

"बघू किती दिस लपवताय. रस्ता काय तुमचा न्हाई." तो बाहेर पडला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. जीप संध्याकाळपर्यंत हलली नाही.

सही झाली म्हणजे ती आता संस्थेची राहिली नव्हती. मी तिला ऑफिसमागच्या माझ्या खोलीत घेतलं आणि आतून कडी लावली. दर दहा मिनिटांनी खिडकीच्या फटीतून टपरीकडे बघत होते. बाकीच्या मुली, म्हातारा वॉचमन, कमरेएवढी भिंत. सही करू देऊन मी तिला जास्तच उघड्यावर आणलं की काय, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

"बाई, शिरा उरलाय का?" तिने विचारलं.

"तुला भूक लागतेय?"

"भीती वाटली की लागते."

तिने दोन वाट्या खाल्ल्या. मी पुन्हा खिडकीच्या फटीशी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँड टाळून आम्ही शेतातून फाट्यापर्यंत चालत गेलो आणि हात दाखवून नगरची एसटी थांबवली. प्रत्येक जीप मागे पडेपर्यंत मी तिला मान खाली घालून बसायला लावत होते. कॉलेजच्या वसतिगृहात सुट्टीमुळे शुकशुकाट होता. रेक्टरबाई म्हणाल्या, "प्रवेश नाही, निकाल नाही. मी कोणत्या नियमाने ठेवू?"

"नियम नाही हे मलाही माहीत आहे. ऑफिस उघडलं की प्राचार्यांना भेटते. तोवर इथे बसते."

मी पायरीवर बसले, ती शेजारी. रेक्टरबाई दोनदा बाहेर डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या किल्ली घेऊनच. म्हणाल्या, कोपऱ्यातली खोली आहे, पण वर्षभर उघडलेली नाही.

मी झाडू मागितला आणि पदर खोचला.