‘लई’चं इंग्रजी

मी इंग्रजी शिकवतो, आणि इतक्या वर्षांत शाळेत एकाही मुलाला मी इंग्रजी शिवीचा अर्थ सांगितलेला नाही. मराठी शिव्यांचं मला काही वाटत नाही. भाताच्या चिखलणीत बैल अडला की आमच्याकडे बैलाच्या आईपासून मालकाच्या आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो, आणि दुपारी तीच माणसं एका फडक्यातली भाकरी खातात. वर्गात कुणी इंग्रजी शिवी उच्चारली की मात्र माझे कान तापतात. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही.

माझ्या वर्गात दहावीची एक मुलगी होती. तिची आई गुंजवण्याच्या बाजूनं राजगडावर जाणाऱ्या वाटेवर ताक आणि लिंबूसरबत विकायची. शनिवार-रविवार मुलगी आईसोबत असायची आणि पुण्या-मुंबईहून आलेल्यांचं बोलणं टिपून आणायची. सोमवारी मधल्या सुट्टीत वही घेऊन माझ्यापुढं हजर. पुस्तकात नसलेले शब्द ती विचारायची, आणि खरं सांगतो, तिच्यामुळंच मला आपण शिक्षक आहोत असं वाटायचं.

एका सोमवारी तिनं विचारलं, “सर, ‘फकिंग’ म्हंजी काय? वर आल्यावं धुकं निवळलं की समदी म्हणत्यात. फकिंग ब्युटिफुल.”

शिक्षकांच्या खोलीत दोन बाई वह्या तपासत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं चोरून बघितलं.

“लई,” मी म्हणालो. “आपण लई म्हणतो ना, तसं. जा आता, घंटा होईल.”

तसं ते खोटं नव्हतं. लोक तो शब्द तसाच वापरतात. पण ती शिवी आहे, चारचौघांत बोलायची नसते, एवढं मी गिळलं. तिनं माझं उत्तर वहीत लिहून घेतलं.

दहावीनंतर पुण्यातल्या एका वसतिगृहात तिची मुलाखत होती. जागा मिळाली तर पुण्यात सायन्स, नाहीतर शिक्षण बंद आणि आईसोबत ताक, असं घरात ठरलं होतं. आठवडाभर मी तिची तयारी करून घेतली. आई आणि मी, आम्ही दोघंही सोबत गेलो. आई बाहेर थांबली, मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं.

समोर तिघं होते. तुझ्या गावाविषयी इंग्रजीत सांग, असं त्यांनी म्हटलं. ‘व्हेरी ब्युटिफुल’ असं मी घोकून घेतलं होतं. तिला ते आपल्या गावाला कमी वाटलं असावं. न अडखळता, हसऱ्या तोंडानं ती म्हणाली, “माय व्हिलेज इज फकिंग ब्युटिफुल.”

मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे कुणी शिकवलं तुला?”

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. चूक माझी आहे, एवढंच उठून म्हणायचं होतं. मी बुटांकडं बघत बसलो.

“कुणी न्हाई,” ती म्हणाली. “गडावं आयकलं.”

त्याच दुपारी यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

परतीच्या एसटीत आई पुढं बसली होती, मुलगी माझ्या शेजारी. नसरापूर मागं पडल्यावर मी खिडकीबाहेर बघत तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. पहिल्यांदाच, आणि तोही अर्धामुर्धा. मला माझीच किळस आली.

“मंग तवाच का न्हाई सांगितलं?”

“लाज वाटली गं.”

तिनं मांडीवरची कागदपत्रांची पिशवी नीट धरली. आवाज चढवला नाही.

“लाज तुमाला वाटली, सर. जागा माजी गेली.”