अर्धे हिरवे पान

"तुझं खत भेसळीचं आहे," म्हणत हरीकाकांनी सोनचाफ्याची पिवळी फांदी माझ्या काउंटरवर आपटली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले होते. सायकलवरून गोण्या पोचवत उभे केलेले हे दुकान. माझे डोके फिरले. तरी फांदी उचलून पाहिली. शेंड्याची पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पाने गर्द हिरवी.

"काका, खत खोटं असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती."

"मला शिकवतोस? आजोबांपासून वाडी आहे आमची!"

शिकवणे भाग होते. खतातले नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्यांना देते. लोह तसे हलत नाही. ते कमी पडले, की नवी पाने पिवळी पडतात.

खत कंपनीच्या सेल्स ऑफिसरला फोन केला. तो म्हणाला, "दोन बॅगा बदलून द्या, मॅटर क्लोज करा."

"म्हणजे भेसळ कबूल करू? एकही देणार नाही."

दुसऱ्या सकाळी काकांच्या वाडीत गेलो. पीएच मीटर बावखलात बुडवला. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. त्यावरच बाग भिजते. पीएच नऊच्या वर, म्हणजे पाणी चांगलेच अल्कधर्मी.

"यात काय टाकलंत?"

काकांची सून म्हणाली, "शेजारच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी मच्छरांची तक्रार केली. बाबांनी चुना ओतला. चार-पाचदा."

"पाणी साफ व्हावं म्हणूनच ना!" काका उसळले.

तेच चुन्याचे पाणी महिनोन्महिने मुळांना मिळत होते. अशा मातीत लोह असते, पण विरघळत नाही. न विरघळलेले लोह मुळांना उचलता येत नाही.

"सिद्ध कर," काका म्हणाले.

फेरस सल्फेट या लोहाच्या क्षाराचे पातळ द्रावण केले. कापसाने पाच पिवळ्या पानांच्या फक्त डाव्या बाजूला लावले.

"दहा दिवस. हिरवं झालं नाही तर दुकानाला कुलूप. झालं, तर भरल्या दुकानात शब्द मागे घ्यायचा."

"ठरलं!"

दहाव्या दिवशी पाचही पाने डावीकडे हिरवी, उजवीकडे पिवळी. काका भर दुपारी आले, दुकान रिकामे बघून. "झालं हिरवं," हळूच म्हणाले.

"सहाला या. गर्दी असते."

"एवढा ताठा?"

"ओरडलात तेव्हा गर्दीच होती."

सहाला आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "खत चांगलं आहे. दुकानदार कडू आहे."

दोन्ही मान्य केले. पण त्यांचा आरोप ऐकलेले सगळे तेव्हा हजर नव्हते, हे मला अजून सलते.

चाफ्याला विहिरीचे पाणी आणि मातीत अडकत नाही असे चिलेटेड लोह सुरू केले. पुढची फूट हिरवी आली. आता कोणी पिवळे पान आणले, की आधी त्याच्या बागेच्या पाण्याची बाटली मागतो, मग गोणी काढतो. उपाशी झाडाला दर वेळी खतच हवे असते असे नाही.