पायाळू जावई आणि मोहाचं झाड

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागाहून आलं. (सासरच्यांच्या मते ते अजून यायचंच आहे!) पायाळू माणसावर वीज हमखास पडते, असा आमच्या भागात पक्का समज. त्यामुळे लग्न जमवताना आमच्या घरच्यांनी हा विषय काढलाच नाही.

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, मी नवेगाव बांधहून दवनीवाड्याला, माहेरी आलेल्या माझ्या बायकोला, सगुणाला घरी न्यायला गेलो. सासरे म्हणाले, "रोवणा चालू आहे जावईबापू. पोरीले आताच कायले नेता?"

मला तर तिच्याशिवाय करमेना! मग सासऱ्यांचं मन जिंकायला कोरं धोतर खोचून मीही धानाच्या चिखलात उतरलो. मी लावलेली रोपं सासूबाई मागून गुपचूप पुन्हा लावत होत्या.

दुपारी आभाळ कडाडलं. सगळे बांधावरच्या उंच मोहाखाली धावले. "आंग भिजन, अंदर या!" म्हणत सासूबाईंनी मला अगदी बुंध्याशी मानाची जागा दिली. धोतर वाचलं म्हणून मी खूश!

वीज पुन्हा चमकली, तशी सासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोनी पायाळू आहे का वो इथं?"

मी धोतरावरचा चिखल झटकू लागलो.

"तुमी काऊन थरथरून राहिले जी?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"थंडी वाजते!"

तेवढ्यात डोक्यावरच असा गडगडाट झाला, की मी किंचाळलो, "मी! मी आहे पायाळू!"

झालं! रोवणाऱ्या बाया, सासूबाई, सगुणा, सगळ्या चिखल तुडवत गावाकडे पळत सुटल्या. गुडघेदुखीने हैराण असलेले सासरे सर्वांत पुढे! एकट्याला मला भीती वाटली, म्हणून मीही त्यांच्यामागे धावलो.

"मागं येऊ नोका, जावईबापू!"

"अहो, थांबा तरी!"

"सगुणे, तुया नवऱ्याले पकड!"

"मी कायले पकडू? बा, तूच पायला ना हा नवरा!"

मी धोतरात पाय अडकून चिखलात सपशेल आडवा झालो. आणि त्याच क्षणी मागे डोळे दिपवणारा लखलखाट! वळून पाहतो, तर मोह शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चिरला होता.

सगुणा तशीच मागे आली आणि तिनं माझा हात धरला. मला खरोखर रडू आलं. सासरे लांबूनच हात जोडून ओरडले, "जावईबापू, तुमी पायाळू नसते, त आमी सारे आज राख झालो असतो!"

संध्याकाळपर्यंत गावभर माझा जयजयकार! (वीज उंच झाडावर पडते, कुणाचे पाय बघून नाही, हे मला पुढे कळलं. पण सासरी ते सांगायला मी काय वेडा आहे?) माझ्यासाठी कोंबडा कापला, नवं धोतर आणलं. मी ऐटीत विचारलं, "मग सगुणाला कधी पाठवता?"

पश्चिमेला आभाळ पुन्हा काळं होत होतं. सासऱ्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आताच!"

रोवणा अर्धा टाकून त्यांनी स्वतः बैल जुंपले. कोंबडा डब्यात, बायको गाडीत, आणि मी वेशीबाहेर! एवढ्या मानानं हाकललेला जावई अख्ख्या पंचक्रोशीत मी एकटाच!