तक्रार न आल्याची तक्रार

आमच्या साडूभाऊंइतका शांत माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही, आणि इतक्या शांतपणे समोरच्याचा जीव टांगणीला लावणाराही. ते पोलीस हवालदार. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी चोर पाहिलेला नाही, फक्त ऐकलेला आहे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात ते फोनवर बसतात. कुणी तातडीचा नंबर फिरवला की त्याची हकीकत यांच्या पडद्यावर उमटते. मग हे त्याला फोन करून खात्री करतात आणि जवळची गाडी रवाना करतात. खात्री हा त्यांचा धर्म. मूळचे साक्रीकडचे, त्यामुळे समोरचा गांगरला की "भिऊ नको भाऊ, बठ्ठं सांग" म्हणतात, आणि बठ्ठं, म्हणजे सगळं, ऐकल्याशिवाय सोडत नाहीत.

हा धर्म ते घरीही पाळतात. एकदा भरदुपारी आमच्या स्वयंपाकघरात साप निघाला. मी ओट्यावर चढून त्यांनाच फोन लावला. त्यांनी पूर्ण नाव विचारलं, पत्ता विचारला, जवळची खूण विचारली. मी म्हणालो, भाऊ, तुम्ही कालच इथे भरीत-भाकरी जेवून गेलात. ते म्हणाले, "ते बरोबर आहे, पण खूण सांगा." मी कोपऱ्यावरची डाळमिल सांगेपर्यंत साप मोरीतून निघूनही गेला होता. त्यावर तो कुठल्या दिशेला गेला, हेही त्यांनी विचारून घेतलं.

गाडीवरचे शिपाई त्यांना वचकून असत. गाडीत एक पडदा असतो, जागेवर गेलं की त्यावर 'पोहोचलो' असं बटण दाबायचं. काही हुशार मंडळी ते चहाच्या टपरीवरूनच दाबत. साडूभाऊ रागावत नसत. फक्त विचारत, तक्रारदाराच्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे? दोन-चार वेळा असं झाल्यावर खोटं बोलण्यापेक्षा जाऊन येणं सोपं, असं सगळ्यांच्या लक्षात आलं.

पण त्यांची खरी कसोटी पाहिली ती असोद्याच्या पुढच्या एका गावातल्या दोन भावांनी. थोरले आबा, धाकटे नाना. दोघेही सत्तरी ओलांडलेले, दोघेही विधुर, केळीच्या बागा शेजारी शेजारी, घरांमध्ये एक सामाईक भिंत आणि बारा वर्षांचा अबोला. कक्षाचा जुना, थेट लागणारा नंबर दोघांनाही पाठ. सकाळी अकराला आबांचा फोन यायचा, की नानाने गायीचा खुंटा माझ्या अंगणात ठोकलाय. सव्वाअकराला नानांचा, की आबा खुंट्याला लाथ मारतो. गाडी चारदा जाऊन आली, खुंट्याची जागा मोजून झाली, शिपाई कंटाळले. बाकीचे ऑपरेटर दोघांची नावं ऐकताच फोन साडूभाऊंकडे सरकवत. ते मात्र रोज दोन्ही तक्रारी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या लिहून घेत.

एके दिवशी अकरा वाजले, आबांचा फोन नाही. सव्वाअकराला नानांचा आला, पण खुंट्याचं नाव नाही. म्हणाले, "साहेब, आज त्याची माह्या नावाची तक्रार आली का?"

नाही आली, असं साडूभाऊंनी सांगितलं. मग शेजारी जाऊन बघत का नाही, असंही विचारलं. नाना म्हणाले, "बोलणं नाही ना आमचं."

त्या दिवशी साडूभाऊंनी खूण विचारली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच खात्री न करता त्यांनी गाडी सोडली. शिपायांनी कडी तोडली तेव्हा आबा मोरीत पडलेले, अर्धं अंग लुळं. त्याच गाडीत घालून त्यांना जळगावला दवाखान्यात आणलं. शिपाई सांगत होते, की नाना वाटभर आबांचं डोकं मांडीवर धरून खुंट्यावरून भांडत होते. बारा वर्षांचं सगळं त्यांनी तेवढ्या वाटेत बोलून घेतलं. वेळेत आणलं म्हणून आबा वाचले.

पुढे साडूभाऊंना वरून विचारणा झाली, की गुन्हा नाही, अपघाताची खबर नाही, मग गाडी कशाच्या आधारे पाठवली? त्यांनी नोंद दाखवली. तक्रारीच्या प्रकारात चोरी, मारामारी, अपघात असं सगळं असतं. त्यांनी 'इतर' निवडून पुढे लिहिलं होतं, तक्रार न आल्याची तक्रार. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि कागद परत दिला.

आबा आता घरी आहेत, पण त्यांचं बोलणं नानांशिवाय कुणाला कळत नाही. म्हणून अकराला नानाच फोन करतात. आधी आबांची तक्रार सांगतात, "आबा म्हनतो, नानानं खुंटा पुन्हा इकडं ठोकला. लिहा." मग स्वतःची. साडूभाऊ दोन्ही लिहून घेतात. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागेवर येणाऱ्या मुलीला पडदा, नकाशा, गाड्यांचे नंबर सगळं शिकवून झालंय. हे अकराच्या फोनचं तेवढं कसं समजावून सांगायचं, ते मात्र त्यांना सुचत नाही.