उघाडीचा सुपरवायझर

"भरतीला घड्याळ कोनी बांधलं, बाय?" असं म्हणून तो कचेरीतल्या घड्याळाकडे पाठ करून बसायचा.

भाईंदरच्या मिठागरात खाडीचं पाणी आत घेणाऱ्या लाकडी दाराला उघाडी म्हणतात. ते उघडणं, लावणं हे त्याचं काम. मी कचेरीत टायपिस्ट होते. भरती रोज थोडी उशिरा येते, आणि तिच्यामागे हाही. बाकीचे घरी गेले तरी हा चिखलात उभा. त्याबद्दल शेठ "शाबास" म्हणत. "लय शाबास जमली घरात," तो म्हणायचा, "आता ठेवायला जागा न्हाय."

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. ठरल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट पगार. इंग्रजी नोटीस मी त्याला मराठीत सांगितली, "वेळेबाहेरचं काम..."

"वेळेबाहेर कसं? भरती तिच्या वेळेलाच येते."

पण 'दुप्पट' त्याने दोनदा म्हणून घेतलं. "मंग माझी पोर तुझ्या कॉन्व्हेंटात जाईल. तुझ्यासारखी कागद वाचील. तुझ्यापेक्षा जोरात वाचील!"

शेठनीही नोटीस दोनदा वाचली. "त्येला सुपरवायझर करून टाक. सुपरवायझरला ओव्हरटाइम नसते." पत्र मीच टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

त्याच्या हाताखाली एक दार आणि बांधावरच्या चिंबोऱ्या. तरी त्याने सगळ्यांना गूळ वाटला.

"सायब, चिंबोऱ्यांची हजेरी घेतली का?" बाकीचे कामगार चिडवायचे.

"दोन गैरहजर हायत. माझ्या कालवनात बघ."

पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. "ह्यात वाईट काय न्हाय ना, बाय?"

शेठ आतल्या खोलीत होते. "बढती आहे," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सुपरवायझरने अंगठा कसा उठवायचा, म्हणून त्याने माझ्याकडून सही शिकून घेतली. तीन दुपारी लागल्या. मग ती त्या पत्राखाली केली, जीभ दातांत धरून.

पगाराच्या दिवशी त्याला कळलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "तुला तं वाचता येतंय ना?"

पुढच्या हंगामात तो आला नाही. मीठ वाहणाऱ्या बायकांच्या रांगेत मात्र त्याची मुलगी होती. ती टोपली घेऊन खिडकीसमोरून जायची तेव्हा माझं टायपिंग थांबायचं.

"काय झाला? रिबिन संपली?" शेठ आतून विचारायचे.

मी "हो" म्हणायचे.