छाती दाखवायचं काम

गवार मोडत बसलो होतो दोघं. मी शिरा तशाच ठेवतो म्हणून माझ्या शेंगा सुमन पुन्हा मोडत होती. मधेच तिनं डोकं धरलं. संध्याकाळपर्यंत गेली. मेंदूतली शीर फुटली म्हणाले. छाती फाडलेला मी, धडधाकट ती. वर कागदांची अदलाबदल झाली असावी.

महिन्यानं सावेडीतल्या हार्टच्या डॉक्टरांचा निरोप आला. "काका, गुरुवारी या. नवीन पेशंट आहे."

माझं काम सांगतो. मी साखर कारखान्यात फिटर होतो, शिक्षण चौथी. माझं बायपास झालं, तेव्हापासून डॉक्टर मला नव्या पेशंटसमोर बसवतात. मी बटणं काढून व्रण दाखवायचा अन् म्हणायचं, बघा, जिवंत आहे. याला ते व्हॉलंटियर म्हणतात. बायपास म्हणजे चोक झालेल्या नळीला शेजारून नवी नळी जोडायची. ती पायातून काढतात. कारखान्यात मी हेच करायचो, फक्त पाइप कण्हत नव्हते.

सुमन बरोबर यायची. पेशंटच्या बायकोला घेऊन बाहेर बाकड्यावर बसायची. काय बोलते, मी कधी विचारलं नाही. बायकांची रडारड असेल, असं धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी आम्हाला छापील नियमही दिले होते. पहिलाच नियम, पेशंटसमोर मरणाचा विषय काढायचा नाही.

पेशंट रंगनाथ, देवळाली प्रवरेचा ऊसवाला. तीन नळ्या बंद. तेव्हा ऑपरेशनला पुण्यालाच जावं लागे. उद्या सकाळी जीपनं निघायचं होतं. ही तारीख चुकली तर पुढची दीड महिन्यानं, अन् दीड महिना हा माणूस काढेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

मी छाती उघडली.

"लई मोठं फाडलंय की," रंगनाथ म्हणाला.

"तुझं आणखी मोठं फाडतील. तू जाडा आहेस."

तो हसला, तयार झाला. त्याची बायको इंदूबाई मात्र जागची हलली नाही.

"बाई कुठं हाय?"

"कोण बाई?"

"तुमच्या मंडळी. माझ्या संगमनेरच्या दाजींना इथं आणलं हुतं, तवा बहिणीशी त्याच बोलल्या. मला त्यान्लाच विचारायचंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी नियम पाळला. "माहेरी गेलीय."

"मंग येऊ द्या त्यान्ला. तवर आमी न्हाई जात."

झालं. चौथी शिकलेल्यानं छापील नियम पाळला की असं होतं. डॉक्टर रिस्क, परसेंट सांगू लागले. इंदूबाई भिंतीकडं बघत बसली.

"येणार न्हाई ती," मी म्हणालो. "वारली. मागल्या महिन्यात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. इंदूबाईनं पदर नीट केला. म्हणाली, "मंग तुमीच सांगा, बाबा. त्या बहिणीला म्हणल्या हुत्या, ऑपरेशन झाल्यावर मानूस तीन महिने पिसाळतो. आमच्यांचं ताट भिंतीवर जायचं, म्हणल्या. अन् मंग मोरीत नळ सोडून रडायचे, कुनाला ऐकू जाऊ नये म्हनून. खरं हाय का?"

नळाचं कुणाला ठाऊक नाही, असं मी समजत होतो. चार वर्षं मी आत छाती दाखवत होतो अन् बाहेर ती अख्खा माणूस दाखवत होती. संगमनेरपासून राहुरीपर्यंत बायकांना माझं ताट पाठ.

"खरंय," मी म्हणालो. "एकदा-दोनदा फेकलं."

"एकदा-दोनदा?"

"रोज."

"अन् तीन महिन्यानं?"

"थांबलो."

"मी न्हाई फेकायचो," रंगनाथ म्हणाला.

"तुमी आत्ताच फेकता," इंदूबाई म्हणाली, अन् पिशवी उचलली. "जीप किती वाजता हाय?"

रंगनाथ वाचला. डॉक्टरांनी नियम काही खोडला नाही. फक्त मला म्हणाले, "काका, तुम्हाला तो लागू नाही." माझ्यापुरता धडा एवढाच की बाकड्यावर काय चाललंय ते फिटरनं उठून बघावं, बाई जिवंत असताना.

निघायच्या दिवशी सकाळी मीही जीपमध्ये चढलो होतो. पुण्यात माझं काही काम नव्हतं. रंगनाथ पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं इंदूबाईसमोर मी. ती म्हणाली, "पयल्या दिवसापासनं सांगा." ताट सांगितलं, शिव्या सांगितल्या, एकदा सुमनवर हात उगारला होता तेही सांगितलं. वाटेत सुपा गेलं, शिरूर गेलं. मी सांगतच होतो.